साहेब म्हणायचं!

लंब्या आणि त्याचा जोडीदार बारा वर्षं शेजारशेजारच्या लेथवर राबले, एकाच पेल्यातला चहा प्यायले. मग लंब्या फोरमन झाला आणि त्याच्या डोक्यात हवा शिरली. सगळ्यांदेखत त्याने जोडीदाराला खडसावलं, "लंब्या काय? साहेब म्हणायचं!"

वर्षभर त्याचं मन त्याला खात होतंच. काल जेवताना लेकीने पुस्तकातून वाचलं, "साहेब हा मूळ अरबी शब्द देशोदेशी गेला. अरबीत त्याचा अर्थ सोबती." लंब्याने हातातला घास ताटात परत ठेवला.

आज तो तडक जोडीदारापाशी गेला. "अरे, लंब्याच म्हण मला!"

जोडीदाराने मशीन थांबवलं, घाईघाईने हात पुसले आणि उभा राहिला. "माझं काही चुकलं का, साहेब?"