खोडलेली ओळ

मी एक जुना टाइपरायटर आहे. सिल्वासाच्या कोर्टात सोळा वर्षं खडखडाट केला आणि संगणक आल्यावर निवृत्त झालो. निवृत्तीचा समारंभ म्हणजे मला मोडक्या पंख्यांशेजारी फडताळावर ढकलून दिलं, एवढाच. मित्रांनो, माझी तक्रार नाही. माझी अक्षरं इंग्रजी असली तरी कान इथलेच आहेत, आणि त्या कानांनी ऐकलेली एक गोष्ट आठवली की मला अजून हायसं वाटतं.

१९८२ साली खोक्यातून बाहेर आलो तो थेट लघुलेखक भगवंत यांच्या मेजावर. भगवंत चिपळूणकडचे, टापटिपीचे फार. एक खाडाखोड झाली की ते पान ओढून काढत आणि कोरं घालत. वकील त्यांच्या पानांचं कौतुक करायचे आणि फुगायचो मी! त्यांना खोड मात्र एक होती. साक्षीदार म्हणाला, ‘गुरं परतली तेव्हा’, की भगवंत आपल्या मनाने घड्याळाची वेळ घालायचे. सरकारी कागदावर गुरं बरी दिसत नाहीत, असं त्यांचं मत होतं.

१९८८ साली चंदाची साक्ष झाली. चंदा हे तिचं खरं नाव नव्हे. ते सांगायला कायद्याची मनाई आहे, आणि कायदा नसता तरी मी सांगितलं नसतं. धुळ्याकडून आलेली ही बाई सिल्वासाजवळच्या सायलीतल्या एका सूत कारखान्यात कामाला होती. मुकादमाने तिला गोदामात गाठून तिच्यावर अत्याचार केला होता. दोन दिवस ती कोणाशी बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी आई मंजुळाबाईंनी तिचा हात धरून तिला चौकीवर नेलं.

अशा साक्षीला बाहेरचं कोणी नको म्हणून कोर्टाचं दार लावून घेतलं होतं. चंदा तिच्या अहिराणीत सांगे, न्यायाधीश साहेब ते इंग्रजीत सांगत आणि भगवंत माझ्या कळा बडवत. कारखान्याचा दुसरा भोंगा वाजला तेव्हा मुकादम आला, असं ती म्हणाली. पोलीस जबाबात दुपारचे चार लिहिले होते. भगवंतांनी बिनदिक्कत चार टाइप केले.

साक्ष संपली की ती साक्षीदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवायची पद्धत असते. बहुतेक जण अर्ध्यातच मान डोलावतात आणि अंगठा उठवून मोकळे होतात. चंदा मात्र एकेक वाक्य कान देऊन ऐकत होती. चार वाजल्याचं वाक्य आलं आणि तिने हात वर केला.

“मी चार वाजाचं सांगंच नही. मनाजोडे घड्याळ नही. दुसरा भोंगा वाजना तवय तो वना, इतलंच मी सांगं.”

भगवंतांचा चेहरा उतरला. त्यांनी पान बदलायची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, “पान तसंच राहू द्या. ओळ खोडा, खाली तिचे शब्द घाला. सही मी करतो.” समासात त्यांनी आणखी एक ओळ घालायला लावली: साक्षीदार प्रत्येक वाक्य लक्ष देऊन ऐकते आणि चूक तिथे थांबवते.

पान इतकं ओंगळ झालं की मला लाज वाटली. त्यात दुसरा भोंगा साडेपाचला वाजतो, हे हजेरीच्या कागदांवरून निघालं. मुकादमाच्या वकिलांना तेच हवं होतं. पोलिसांना चार सांगितले, इथे साडेपाच, बाई शब्द फिरवते, असं ते तावातावाने म्हणाले. साहेबांनी तरीही चंदावर विश्वास ठेवला आणि मुकादमाला सात वर्षांची शिक्षा दिली. मुकादमाने मुंबईच्या उच्च न्यायालयात अपील केलं आणि जामिनावर सुटून तो सायलीत ताठ मानेने फिरू लागला.

अपील मंजूर झालं असतं तर तो निर्दोष आणि चंदा जन्मभराची खोटारडी. मंजुळाबाई दर महिन्याला येऊन भगवंतांना विचारत, काही कळलं का. पोरीला पुन्हा उभं करून विचारतील का, ही त्यांना मोठी धास्ती होती. भगवंतांनी समजावलं की अपिलात सहसा साक्षीदाराला बोलावत नाहीत. तिथले न्यायमूर्ती कागद वाचतात. सांगण्यातला फरक किरकोळ आहे की मूळ गोष्टच हलते, तक्रारीला झालेल्या उशिराला कारण आहे का, खोटं बोलण्याचं काही निमित्त होतं का, हे तपासतात. एकटीची साक्ष भरवशाची वाटली तर तेवढीही पुरते. एवढं सांगून ते माझ्यासमोर येऊन बसले आणि कळांना हातही लावला नाही. आपली चूक त्या बाईला भोवणार, या विचाराने त्यांची झोप उडाली होती.

चार वर्षांनी निकालाची प्रत आली. मायलेकी मेजापाशी उभ्या राहिल्या आणि भगवंत मराठी करून वाचू लागले. न्यायमूर्तींनी लिहिलं होतं की वेळेच्या फरकाने मूळ हकीकत हलत नाही. लाजेने आणि भीतीने दोन दिवस गप्प बसणं हा खोटेपणा नव्हे. मुकादमाशी तिचं कसलंही वैर नव्हतं. पुढे त्या खोडलेल्या ओळीवर एक अख्खा परिच्छेद होता. चार हा आकडा पोलिसांच्या कागदाशी जुळत होता. गप्प राहिली असती तर तिचं काही बिघडलं नसतं. तरीही तिने स्वतःच्या तोट्याची दुरुस्ती मागितली. बनाव करणारी बाई असं करत नाही. अपील फेटाळलं होतं.

मंजुळाबाई खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून मनसोक्त रडल्या. भगवंत चष्मा पुसत राहिले. माझंही मन भरून आलं. इतकी वर्षं मी स्वच्छ पानांचा तोरा मिरवला, आणि बाईच्या कामी आलं ते सगळ्यात ओंगळ पान.

चंदाने एकच विचारलं.

“त्यासनी मले देखं बी नही. तरी खरं मानं?”

“पाहिलं नाही, ताई,” भगवंत म्हणाले, “पण नीट वाचलं.”

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा किंवा पुसू नका, माझं आता काही अडत नाही. उद्या तुमच्या हाती लेखणी येईल. कोणी धीर एकवटून तुम्हाला काही सांगितलं, तर तिचेच शब्द लिहा, आपले घालू नका. लिहून झालं की तिला वाचून दाखवा, आणि ती ‘असं नाही’ म्हणाली तर खोडायला लाजू नका.