दोनशे चारचा लाल दिवा

"पुन्हा पेटला मेला!" जिन्याखालच्या पेटीकडं बघून कारभारीनं कपाळाला हात लावला. दोनशे चारचा लाल दिवा. पाव तासात दुसऱ्यांदा.

खोलीच्या दारात कणीक मळत बसलेली त्याची बायको द्वारकाबाई म्हणाली, "सिस्टरचा हाय ना? जाऊन या की वर."

"जाऊन काय करू? बादली भरून वाहू राहिली असंल. अजून चार जणांचे पेटलेत, दिसत नाय का?"

पेटले होते खरे. रोजच पेटायचे. पडेगावच्या या चार मजली सोसायटीला नळाचं पाणी आठव्या दिवशी यायचं. ते हौदात साठवायचं, मोटारीनं गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि सकाळी एक तास घरोघरी सोडायचं. तो तास कधी साडेसहाला सुरू व्हायचा, कधी सात वाजून जायचे. म्हणून प्रत्येक घरात बायका नळ उघडाच ठेवून खाली बादली लावायच्या. धार वाजली की कळायचं, पाणी आलं. मग सगळी भांडी भरेपर्यंत नळ बंद व्हायचा नाही. साऱ्या शहराचीच ही सवय आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

वावगं वाटलं ते मशीनला. गेल्या साली भिंतीतला पाइप फुटला, तीनशे दोनचं पाणी झिरपून खालच्या घराचं छत कोसळलं आणि सेक्रेटरी अभय सरांनी हे मशीन बसवून घेतलं. एखाद्या घरात दहा मिनिटं सलग पाणी वाहिलं की मशीनला वाटायचं, गळती झाली. ते त्या घराचं पाणी आपणहून तोडायचं आणि जिन्याखालच्या पेटीवर त्या घराचा लाल दिवा लावायचं. दिव्याखालचं बटण दाबलं की पाणी परत सुरू. टाकी धुवायच्या दिवशी बटण दाबूनच धरायचं, म्हणजे पाणी तुटत नाही. एवढं शिकवून मशीनवाले गेले.

त्याआधी एकोणीस वर्षं मशीन म्हणजे कारभारीच होता. पूर्वी देवगाव रंगारीला विहिरींच्या मोटारी दुरुस्त करणारा हा माणूस, इथं पाणी सोडायला म्हणून जिन्याखालच्या खोलीत राहिला. लोखंडी गज पाइपला लावायचा, दुसरं टोक कानाला, आणि डोळे मिटून सांगायचा, कुठल्या घरात कोण काय करतंय. लोक त्याला हसायचे, पण गळती सापडायची.

त्या गजानंच तीन वर्षांपूर्वी सिस्टरला वाचवलं होतं. सिस्टर म्हणजे गीताबाई खरात, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, दोनशे चारमध्ये एकट्या राहायच्या. न्हाणीत घसरून पडल्या, उठता येईना. हात पोचला तो फक्त खालच्या नळाला. तो त्यांनी पूर्ण सोडून दिला. खाली कारभारीच्या कानात ती धार अर्धा तास वाजत राहिली, तेव्हा तो वर पळाला आणि दार तोडून आत गेला.

दवाखान्यातून परत आल्यावर सिस्टरनी घराची दुसरी किल्ली त्याच्या हातात दिली. "हे बघ कारभारी, न्हाणीत काही मी फोन घेऊन जात नाही. परत पडले तर नळ सोडीन. पाणी वाहतच राहिलं की समजून घे आणि ये. तू लांबचा ना जवळचा, पण तुझ्या कानावर माझा भरवसा आहे."

ही गोष्ट त्यानं अभय सरांना सांगितली होती. "सिस्टरचा नळ तेवढा मशीनला जोडू नका, सर."

"अहो, उलट बरं ना! दिवा लागेल, तुम्हाला लवकर कळेल," सर म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

म्हणून सिस्टरचा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा, एका गुरुवारी, कारभारी जीव मुठीत धरून धावला होता. दार बडवलं, शेजारपाजार गोळा झाला. सिस्टर पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. "अरे बाबा, पाण्याची वाट बघत नळ उघडा ठेवला आणि कणकेच्या नादात विसरले! मेले नाही मी अजून." त्या हसल्या, सगळे हसले. हसले नाहीत ते अभय सर. चारचौघांत म्हणाले, "कारभारी, लोकांची दारं बडवायला मशीन आणलंय का आपण? बटण दाबायचं, जागेवर बसायचं. एवढं जमत नसेल तर सांगा."

साठी उलटलेल्या माणसाला चारचौघांत असं बोलणं. कारभारी त्या दिवशी जेवला नाही.

आज सोमवार. त्यानं दोनशे चारचं बटण दाबलं. पाणी सुरू झालं. दहा मिनिटांनी दिवा तिसऱ्यांदा लागला.

"अहो, जाऊन या," द्वारकाबाईचा हात परातीत थांबला. "किल्ली खिळ्यालाच हाय."

"काहून जाऊ? पुन्हा चारचौघांत शिव्या खायला? म्हातारीला शंभरदा सांगितलं, बादली भरली की नळ बंद करत जा. आता ऱ्हाऊ दे बंद. पाणी लागंल तेव्हा येईल खाली सांगायला."

त्यानं बाकीच्या चार घरांची बटणं दाबली. दोनशे चारचं नाही दाबलं.

सिस्टर काही खाली आल्या नाहीत. दिवस गेला.

मंगळवारी दुपारी त्यांच्या मुलीचा, तनुजाचा, नाशिकहून फोन आला. "कारभारीकाका, आई कालपासून फोन उचलत नाहीये. जरा बघता का?"

त्यानं खिळ्यावरची किल्ली काढली. जिना चढताना त्याला सगळं कळून चुकलं होतं.

सिस्टर न्हाणीत होत्या. कुशीवर, एक हात लांब केलेला. नळ पूर्ण सोडलेला आणि कोरडा. फरशीही वाळली होती.

डॉक्टर म्हणाले, मांडीचं हाड मोडलंय. जीव कधी गेला विचारलं तर म्हणाले, "काल संध्याकाळपर्यंत तरी असाव्यात."

कारभारी जिन्यावर बसला. पाणी तुटलं, मग परत आलं. परत तुटलं, परत आलं. बटण त्याच्याशिवाय दाबणार कोण? वर पडलेल्या सिस्टरना दोन्ही वेळा वाटलं असेल, खाली कारभारी आहे, त्याला कळलंय, आता येतोच आहे. आणि तो खाली रुसून बसला होता. असला करंटेपणा कुणाच्या वाट्याला येऊ नये.

अभय सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मशीननं तर बरोबरच काम केलं हो. खालच्या घरात थेंबसुद्धा गेला नाही." बोलल्यावर त्यांनी हात काढून घेतला आणि ते बाजूला गेले.

रात्री तनुजा पोचली. बुधवारी सकाळी नातलग बाया जमल्या, पांढरी साडी आली. द्वारकाबाई धावत जिन्याखाली आली. "अहो, सिस्टरला अंघोळ घालायचीय. नळाला पाणी नाय."

पेटीवर दोनशे चारचा दिवा सोमवारपासून तसाच लाल होता. कारभारीनं बटणावर अंगठा टेकवला आणि दाबून धरला. दुसऱ्या हातानं गज उचलला, पाइपला लावला, कानाशी नेला. धार सुरू झाली. बादली भरली, तांब्या बुडाला, बायांचं रडणं पाण्यातून आल्यासारखं आलं.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. अंगठा पांढरा पडला. जाता येता लोक बघत होते. अभय सर आले, उभे राहिले, गेले.

द्वारकाबाई पदरानं डोळे पुसत खाली आली. "झालं. सोडा आता."

"नळ बंद केला का?"

"तनुजानं केला, तिच्या हातानं."

कारभारीनं तरी गज कानालाच धरून ठेवला. पाइपात काहीच वाजत नाही याची खात्री करून घेतली आणि मग अंगठा काढला.