कुंकू लावलेला डोळा

मित्रांनो, कवठे महांकाळच्या रस्त्याला आप्पासोंच्या बेदाण्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेली एक जुनी चाळणी दिसली, तर ती मीच. बाभळीची चौकट, तारेची जाळी, दोन ठिकाणी सुतळीनं शिवलेली. बावीस वर्षं इथं कामाला असलेल्या भामाबाईंनी मला हलवलं. बारीक दाणा मी खाली सोडायची, काळा दाणा त्यांची बोटं वेचायची. "माझ्या चाळणीला डोळं हायती," असं त्या सांगायच्या. मला ते खरंच वाटायचं.

मग आप्पासोंच्या सुनेनं, क्रांतीनं, रंग ओळखणारं यंत्र आणलं. काळा दाणा दिसला की फुंकर मारून बाजूला उडवतं म्हणे. मला काही ते पटेना. ज्याच्या अंगाला एक भोक नाही, ते निवडणार काय?

यंत्राच्या पूजेच्या दिवशी क्रांती नारळ फोडायला दारात गेली. आप्पासो म्हणाले, "भामाबाई, हळदीकुंकू तुमीच लावा. थोरल्या तुमी." यंत्राचं झाकण उघडं होतं, आत काचेचा डोळा. भामाबाईंनी त्या काचेवरच कुंकवाची पाच बोटं ओढली, हात जोडले आणि झाकण लावलं.

यंत्र सुरू झालं आणि चांगला दाणासुद्धा काळ्यात फेकू लागलं. दुसऱ्या दिवशीही तेच. सांगलीच्या व्यापाऱ्याला शुक्रवारी माल द्यायचा होता. चुकला तर गिऱ्हाईक तुटणार.

"फसवलं तुला, पोरी. दे माघारी धाडून," आप्पासो म्हणाले.

"मामा, कुणी याला हात लावला होता का?" क्रांतीनं विचारलं.

सगळ्यांच्या नजरा भामाबाईंकडे वळल्या. यंत्र गेलं तर कुणाचं काम टिकणार, हे सांगायला नको होतं. मी सगळं पाहिलं होतं. मला तोंड नाही. असतं तरी उघडलं नसतं.

भामाबाई उठल्या. झाकण काढून ओल्या पदरानं काच पुसली. पदर लाल झाला.

"मीच लावलंवतं. डोळा म्हनून पुजला. काल सांजला ध्यानात आलं."

"काल? मग आज दुपारपतूर गप का?"

"आवं आप्पा, पोटाचा इचार कराय येळ लागतोय की!"

क्रांती आधी रागानं बघत राहिली, मग हसली. "मावशी, आता रोज काच तुम्हीच पुसायची. आणि दाणा मुठीत दाबून ओल किती, तेही तुम्हीच सांगायचं. याला ते कळत नाही."

"व्हय. पर कुंकू कुटं लावू?"

"बाहेरच्या पत्र्याला!"

माल शुक्रवारी गेला. वीज गेली की भामाबाई अजून मला खाली काढतात.

मित्रांनो, नवं यंत्र खुशाल आणा, पण ते पुसायला माणूस ठेवा. आणि खिळ्यावरच्या जुन्या चाळणीवरून पावसाळ्याआधी तेलाचं फडकं फिरवा, तार गंजते हो. यंत्राचा मला अजूनही भरवसा नाही. पण माझ्या जाळीत अडकलेल्या काड्या ज्या हातानं काढल्या, तोच हात आता त्याची काच पुसतो. त्या हाताकडे बघून मी गप्प बसते.