चार बोटं खाली

"गाडी खाली करायची आहे, मावशी," ती मुलगी म्हणाली, तेव्हा लताबाईंना वाटलं, रस्त्यावरच्या ट्रकच्या आवाजात आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"खाली?"

"हो. चारही चाकांवर. झिपरू आबा आहेत का?"

आबा होते. लताबाईंचे यजमान; शेडच्या कोपऱ्यात खाटेवर बसले होते, लकव्याने गेलेला उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडलेला. पण कामाचं आता लताबाईच बघत होत्या, आणि त्यांना हे काम काही पसंत पडलं नाही. धुळे रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली त्यांचं कमानीचं दुकान. कमान म्हणजे चाकावरच्या पोलादी पट्ट्यांची वाकलेली चवड. तिचा बाक गेला की गाडी बसते. केळी भरलेले रावेरकडचे ट्रक, जामनेरहून कापूस घेऊन येणारे टेम्पो, जे जे ओझ्याखाली बसतं ते त्यांच्या दारात येई आणि उठून जाई. जन्मभर त्यांनी गाड्या उठवल्या होत्या. हौसेपायी गाडी जमिनीला टेकवून फिरणारी पोरं त्यांनी मोबाइलवर पाहिली होती, आणि तो प्रकार बघून त्यांना धडधाकट माणसाने लंगडून दाखवावं तसं वाटायचं.

"आम्ही गाड्या उठवतो, पोरी. बसवत नाही."

मुलगी गेली नाही. तिचं नाव रुची. नाशिकला नोकरी करत होती आणि जळगावला पिंप्राळ्यात तिचं घर होतं. घरात तिच्या पणजोबांच्या वेळची शेवरलेट होती, उंच, काळी, दाराखाली लांबलचक पायरी असलेली. ती खाली करायची होती ती तिच्या दादीसाठी, चंदनबाईंसाठी. दर राखीला चंदनबाई त्या गाडीतून धुळ्याला भावाकडे जात. गेल्या राखीला गाडीत चढायला स्टूल ठेवलं, ते घसरलं आणि खुब्याचं हाड मोडलं. आता ऑपरेशन झालं होतं, काठी घेऊन चालत होत्या, पण पाय पायरीपर्यंत पोचत नव्हता. स्टुलाचं नावही काढू देत नव्हत्या. गाडीला खाली आणखी एक पायरी लावून पाहिली, तर दुखऱ्या पायावर दोनदा भार येऊ लागला. शेवटी मुलांनी एकदा दोन्ही बाजूंनी धरून उचललं आणि आत ठेवलं.

"त्या दिवशी दादी जेवल्या नाहीत," रुची म्हणाली. "मला म्हणाल्या, मी काय पोतं आहे? मी वर जात नसेन तर गाडी खाली आणा."

लताबाईंनी हातातला हातोडा खाली ठेवला आणि गाडी बघायला कधी येऊ, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्या पिंप्राळ्यात गेल्या तेव्हा घरच्यांना वाटलं, आता या गाडीखाली शिरतील. त्यांनी गाडीकडे फारसं पाहिलंच नाही. अंगणाच्या कडेला फरशीचे तुकडे पडले होते, ते एकावर एक रचले आणि चंदनबाईंना म्हणाल्या, "बाई, खांब धरा अन् पाय ठेवून दाखवा."

चंदनबाईंनी पाय उचलला. अर्ध्यावर तो थांबला. ओठ घट्ट मिटले गेले. लताबाईंनी वरचा एक तुकडा काढला. पुन्हा तेच. आणखी एक काढला, आणि या वेळी पाय वर गेला, टेकला, आणि चंदनबाईंनी त्यावर भार टाकून स्वतःला वर घेतलं. क्षणभर त्या तिथे उभ्या राहिल्या, अंगणातल्या सगळ्यांपेक्षा वीतभर उंच.

लताबाईंनी ती उंची काठीवर खुणेने धरली आणि गाडीच्या पायरीला लावून बघितली. मध्ये बरोबर चार बोटं उरत होती.

मग चहा आला. मुलाने नवी गाडी घेतली आहे, तिच्यात बसायला काही त्रास नाही, हे घरच्यांनी लताबाईंना पुन्हा एकदा सांगून पाहिलं. चंदनबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "नव्या गाडीतून मी देरासरात दर्शनाला जाते, डॉक्टरकडे जाते," त्या म्हणाल्या. "पण भावाच्या दारात मी या गाडीतून उतरते. यांची नजर गेली तेव्हा मी चालवायला शिकले, लताबाई. डोक्यावर पदर घेऊन चालवायची. पारोळ्याला चहाला थांबलं, की लोक गाडीभोवती फिरून ड्रायव्हर शोधायचे."

लताबाई हसल्या. "आमच्याकडंही अजून आबालाच शोधतात," त्या म्हणाल्या, आणि चंदनबाईही हसल्या.

घरी येऊन त्यांनी आबांना सगळं सांगितलं. आबांची जीभ जड झाली होती, पण डोकं लख्ख होतं. त्यांनी एवढंच सुचवलं, की इतकं जुनं पोलाद भट्टीत घालू नको, त्याचा कस जाईल. पट्टे कमी केले तर गाडी लुळी पडेल, रस्त्यात चाक वर घासेल. पट्टे सगळे ठेवायचे, फक्त प्रत्येकाचा बाक थोडा उतरवायचा, तोही थंड ठोकून, हळूहळू. बाक चढवताना जे हातांना पाठ होतं, ते आता उलटं करायचं होतं.

लग्न होऊन आल्यापासून लताबाईंच्या हातात घण होता. आबा चिमट्यात लोखंड धरत, फिरवत, लहान हातोडीने जागा दाखवत, आणि त्या जागेवर लताबाईंचा घण पडे. लोखंड किती तापलं, तेलात कधी बुडवायचं, हे आबांच्या डोळ्यांचं काम. आबांची बाजू गेल्यावर लताबाईंनी चिमटा घेतला आणि घण आबांचा चुलतभाऊ गिरधर घालू लागला. ट्रकच्या कामाला ते पुरत होतं. ट्रकचा पट्टा तुटला तर बाजारात दुसरा मिळतो. नवीन पट्टा स्वतः घडवायची वेळ आबा पडल्यापासून आली नव्हती.

शेवरलेट शेडमध्ये आली तेव्हा ट्रकवाले उतरून बघायला आले. लताबाईंनी चारही कमानी उतरवल्या, पट्टे सुटे केले, गंज घासला आणि पुढचे आधी घेतले. ठोक, जमिनीवरच्या सावलीत बाक बघ, पुन्हा ठोक. पुढचे मनासारखे झाले. मागच्या डाव्या कमानीचे झाले. उजव्या कमानीतला दुसरा पट्टा ठोकताना घणाचा आवाज बदलला. टणटणीत वाजणारं पोलाद एकदम बद्द वाजलं. गिरधरचा हात हवेतच थांबला. पट्ट्याला आडवी चीर गेली होती, केसाएवढी.

लताबाई बराच वेळ तो पट्टा हातात घेऊन बसून राहिल्या. जी गाडी त्या घराने इतकी वर्षं जपली, तिचा पट्टा आपल्या दुकानात तडकला. रुचीला त्यांनी स्वतः फोन केला आणि सांगितलं, लपवलं नाही. राखी तोंडावर आली होती. रुची म्हणाली की दादींना विचारते. थोड्या वेळाने चंदनबाईंचाच फोन आला. चीर जुनीच असेल, आता दिसली ते बरं झालं, नाहीतर एरंडोलजवळ दिसली असती, असं त्या म्हणाल्या. आणि नवा पट्टा कोण घडवणार, हे विचारलं.

"मीच," लताबाई म्हणाल्या. बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचंच नवल वाटलं.

भंगारातून गिरधरने जुन्या जीपचा पट्टा शोधून काढला. रुंदी तीच होती. सकाळीच भट्टी पेटवली. पट्टा तापवून, ठोकून, जुन्या पट्ट्याला लावून बाक जमवला. तिथवर सगळं ओळखीचं होतं. मग तो शेवटचा तापवायला घातला. बाजूला तेलाची टाकी भरलेली. आता रंग ओळखायचा होता. लवकर बुडवला तर पोलाद मऊ राहील आणि बसेल, उशीर झाला तर ठिसूळ होऊन कुठल्यातरी खड्ड्यात मोडेल, आणि त्या गाडीत एक म्हातारी बाई बसलेली असेल.

लताबाईंनी खाटेकडे पाहिलं. इतकी वर्षं हाच क्षण आला की आबा नुसती भुवई हलवत. आताही त्यांनी हलवली असती. पण आबांनी मान वळवली आणि रस्त्याकडे तोंड केलं.

"आबा," लताबाई म्हणाल्या.

"मन्हा डोया नको देखू," आबा जड जिभेने, पण एकेक शब्द सुटा करून म्हणाले. "लोखंड देख."

लताबाई भट्टीकडे वळल्या. गिरधर भाता थांबवून उभा राहिला. पट्टा काळपट लाल होता, मग विटेसारखा, मग डाळिंबाच्या दाण्यासारखा आतून उजळत गेला. त्यांना एकाएकी कळलं, की हा रंग आपल्याला माहीत आहे. घण खांद्यावर घेऊन, घाम पुसत, आपण तो हजारदा बघितला आहे. फक्त कोणी आपल्याला विचारलं नव्हतं. त्यांनी पट्टा उचलला आणि तेलात सोडला. धूर पत्र्यापर्यंत चढला. मग तो पुन्हा हलका तापवला, निववला, पुसला आणि नेऊन आबांच्या पुढ्यात आडवा धरला.

आबांनी डाव्या हाताच्या बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं आणि कान दिला. नाद लांबवर गेला. पुन्हा एकदा वाजवलं, नुसतं ऐकायला.

राखीच्या सकाळी गाडी पिंप्राळ्याच्या अंगणात उभी होती, पुढून मागून एका रेषेत, पहिल्यापेक्षा जरा ठेंगणी, पण रुबाबदार. चंदनबाई गर्द हिरवी साडी नेसून बाहेर आल्या. मुलगा पुढे झाला, सून पुढे झाली. चंदनबाईंनी काठी रुचीकडे दिली आणि म्हणाल्या, "हात नको."

दाराची कड धरून त्यांनी पाय उचलला. पाय पायरीवर टेकला. गाडी किंचित वाकली, जणू त्यांच्याकडे झुकली, आणि थांबली. चंदनबाई वर आल्या, आत वळल्या, बसल्या. पदर सारखा केला. सगळे जागच्या जागी उभे होते. रुची गाडी चालवायला बसली तेव्हा चंदनबाईंनी तिला पहिला गिअर जरा दाबून टाकायला सांगितलं. मग काचेतून बाहेर बघून त्या म्हणाल्या, "दार लताबाई लावतील."

लताबाईंनी पदराला हात पुसले आणि दार लावलं.

कॉलनीच्या तोंडाशी गतिरोधक होता. गाडी तो ओलांडून जाईपर्यंत लताबाई रस्त्यात उभ्या राहून बघत होत्या.

शेडमध्ये परतल्या तेव्हा आबा वाटच बघत होते. समोर केळ्यांचा एक ट्रक मागची बाजू टेकून उभा होता आणि गिरधर जॅक लावत होता.

"चढन्यात का?" आबांनी विचारलं.

"आपल्या आपण."

"आन् गाडी? कितीदा हालनी?"

"एकदाच बसली. एकदाच उठली."

आबांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. मग डाव्या हाताने खाटेची कड धरून ते कष्टाने थोडे बाजूला सरकले. खाटेवर एका माणसापुरती जागा झाली. कामाच्या वेळी लताबाई त्या खाटेवर कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी ट्रककडे एकदा पाहिलं, आणि बसल्या.