पहिल्या ओळीतला तक्रारपत्ता

मी एक जुना तक्रारीचा पत्ता आहे. घराचा नव्हे, ईमेलचा. मित्रांनो, इंटरनेटला जोडलेल्या यंत्राला एक क्रमांक असतो आणि तो क्रमांक कोणत्या कंपनीचा, हे एका सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही पाहता येतं. त्या यंत्रावरून कोणी फसवणुकीची पत्रं पाठवू लागलं, तर गाऱ्हाणं कोणाकडे न्यायचं? माझ्याकडे. त्यासाठीच माझा जन्म झाला.

मला जन्म दिला एका कंपनीच्या इंजिनियरने. कंपनीचं जाळं तो सांभाळायचा, म्हणून सगळे त्याला जाळेमास्तर म्हणत. मला नोंदवहीत लिहिलं त्या दिवशी तो शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हणाला, "एकही पत्र न वाचता घरी जायचो नाही, बघाच तुम्ही!" आणि सुरुवातीची वर्षं तो खरोखर तसाच वागला. डोळ्यांत तेल घालून पत्रं वाचायचा, बिघडलेलं यंत्र शोधून बंद करायचा आणि लिहिणाऱ्याला दोन ओळींचं उत्तर द्यायचा. एकदा कोणीतरी त्याचे आभार मानले, तर ते पत्र त्याने छापून भिंतीवर चिकटवलं. माझे तर पाय जमिनीवर नव्हते.

पण तेव्हा मी नोंदीत अगदी तळाशी होतो, फोन, फॅक्स आणि कसल्या कसल्या तारखांच्या खाली. लोक मला शोधून थकत आणि भलत्यालाच लिहीत. म्हणून नोंदवहीवाल्यांनी नियम बदलला. तक्रारीचा पत्ता पहिल्या ओळीत दाखवायचा आणि तो कोणी वाचतं का, हे कंपनीला दरवर्षी पत्र पाठवून विचारायचं. मला वाटलं, आपलं भाग्य उजळलं.

पत्रं दहापट झाली. जाळेमास्तर आठवडाभर कुरकुरला आणि मग त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. कोणतीही तक्रार आली की तो लगेच उत्तर देई, 'तुमची तक्रार मिळाली. तपास चालू आहे.' मग ती तक्रार एका कप्प्यात ढकलून मोकळा होई. नोंदवहीचं वार्षिक पत्र आलं की 'होय, आम्ही वाचतो' हे बटणही तोच दाबे. तो कप्पा कोणीच उघडत नव्हतं. ज्याने मला जन्म दिला, त्यानेच केसाने माझा गळा कापला. वर खोटं बोलायला नावही माझंच वापरलं!

याच काळात एका बाईंनी मला लिहिलं. त्या श्रवणयंत्रं दुरुस्त करायच्या आणि त्यांची बहुतेक गिऱ्हाइकं म्हातारी होती. आमच्या एका यंत्रावरून कोणीतरी बाईंच्या नावाने त्या गिऱ्हाइकांना पत्रं पाठवत होतं. पत्र उघडलं की संगणक कुलूपबंद. बाईंना मी मिनिटभरात सापडलो. उत्तरही तत्काळ गेलं, म्हणून त्या विश्वासाने थांबल्या. "तपास चालू आहे हो, त्यांचं उत्तर आलंय," असं गिऱ्हाइकांना सांगत राहिल्या. दोन महिन्यांत त्यांनी मला अकरा पत्रं लिहिली. अकराव्यात होतं, 'एका आजोबांकडचे त्यांच्या गेलेल्या पत्नीचे सगळे फोटो गेले. ते आता माझ्याशी बोलत नाहीत. कृपा करून कोणीतरी वाचा.'

शेवटी त्यांनी नोंदीत खाली असलेल्या क्रमांकावर फोन केला. तो जाळेमास्तरने उचलला.

"बाई, तक्रार पहिल्या ओळीतल्या पत्त्यावर पाठवा ना."

"अकरा वेळा पाठवली."

"इथे तर काहीच आलेलं नाही हो."

"मग 'मिळाली' असं कोणी कळवलं मला?"

जाळेमास्तरला आपला प्रोग्राम आठवला. त्याने कप्पा उघडला. आत चार हजारांवर पत्रं होती. बाईंची अकरा त्याने एकेक करून वाचली आणि ते यंत्र बंद केलं. त्याला सात मिनिटं लागली.

"झालं बाई. बंद केलं बघा."

"बरं," बाई म्हणाल्या. "मी गेल्या आठवड्यात दुकान बंद केलं."

असं हे वरातीमागून घोडं. मित्रांनो, मला शोधणं सोपं करा, जरूर करा. पण पाटी वर लावण्याआधी आत माणूस बसवा. आणि तेवढंही जमत नसेल, तर निदान माझ्या तोंडून 'मिळाली' असं वदवू नका. ते उत्तर आलं नसतं, तर बाईंनी पहिल्याच दिवशी फोन केला असता.