चिठ्ठीशिवाय

“दाँत अब कव्हर में नहीं आते, मॅम,” कंपनीच्या एचआरमधली रितिका म्हणाली आणि तिनं विम्याचं एक निळं प्लॅस्टिकचं कार्ड टेबलावरून पुढे सरकवलं. “हार्ट, किडनी, घुटना, सब कॅशलेस. दाँत सिर्फ एक्सिडेंट में.”

“मतलब?” शालिनी टेंबेनं विचारलं.

“मतलब, भगवान न करे, आपका एक्सिडेंट हो, आप ॲडमिट हों, और उसी में दाँत टूटे. तब.”

“और वो पहाडगंजवाले डॉक्टर की पर्ची?”

“पर्ची सिस्टम खत्म. एक अप्रैल से पॅनेल ही नहीं है.” रितिकानं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. “कोई प्रॉब्लेम चल रही है क्या?”

“नहीं, नहीं,” शालिनी म्हणाली. “दाँत बिल्कुल ठीक हैं.”

आणि ते खरंच होतं. तिचे दात गेली अकरा वर्षं ठणठणीत होते.

शालिनी कंपनीची टेलिफोन ऑपरेटर. कंपनी दिल्लीत ओखल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती तेव्हापासूनची. पुढे परदेशी भागीदार आले, गुडगावला काचेची इमारत उभी राहिली आणि तिच्या बोर्डावरचे दिवे वाढले. दिवसाकाठी चारशे माणसं तिच्याशी बोलत. पण ती सगळी दुसऱ्याच कुणाशी तरी बोलायला फोन करत. संध्याकाळी गुडगावातल्याच एका सेक्टरातल्या सोसायटीत, सातव्या मजल्यावरच्या एका खोलीच्या फ्लॅटचं कुलूप ती उघडे, तेव्हा घसा दुखत असे आणि आपण आज कुणाशी काही बोललो असं मात्र वाटत नसे. भाऊ कॅनडात. आई सहा वर्षांपूर्वी गेली.

डॉक्टर दत्तात्रय आपटीकर तिला भेटले ते ब्याण्णव साली, एका दाढेच्या निमित्तानं. पहाडगंजच्या गल्लीत, होलसेल चादरींच्या दुकानावर त्यांचा दवाखाना. त्यांनी दाढेवर कॅप बसवली ती इतकी चोख, की पुन्हा तिथं कळ म्हणून आली नाही. पण काम करता करता ते मराठीत बोलत राहिले. ग्वाल्हेरच्या हॉस्टेलचं, बायकोनं घातलेल्या लोणच्याचं, बडोद्याच्या मुलीचं, खिडकीतल्या कबुतरांचं. “समोर ती शाळा दिसते ना, ती मराठी शाळा आहे बरं का. एवढ्या दूर दिल्लीत! तुम्हाला ठाऊकही नसेल.” तोंडात आरसा आणि नळी असल्यामुळे शालिनी “अं” म्हणायची. तेवढ्यावर डॉक्टरांचं भागत असे.

तीन महिन्यांनी ती पुन्हा गेली. थंड पाणी झोंबतं म्हणाली. मग हिरडी सुजल्यासारखी वाटते म्हणाली. कंपनीची पर्ची, म्हणजे चिठ्ठी, दाखवली की फी कंपनी भरे, त्यामुळे कुणी काही विचारत नव्हतं. शनिवारी आधी धौला कुआँची बस, तिथून दुसरी. मग त्या खुर्चीत डोकं मागे टेकायचं, आणि अर्धा तास कुणीतरी फक्त आपल्याशी बोलायचं. अकरा वर्षांत एकही तिमाही चुकली नाही. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हासुद्धा शेजारणीला बसवून ती गेली होती.

चिठ्ठी बंद झाल्यावर एप्रिल कसातरी गेला. फी काही तिला जड नव्हती. पण चिठ्ठी नाही म्हणजे कारण हवं, आणि पदरचे पैसे टाकून दाखवायला दात तरी दुखायला हवा. मे महिन्यात ती रोज टीव्हीसमोर बसून भाजलेले चणे त्याच दाढेखाली घालून चावू लागली. दाढ दगडासारखी शाबूत राहिली. एका संध्याकाळी चणे संपले आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. बावन्न वर्षांची बाई आपण, आणि दात मोडायची वाट बघतो आहोत.

जूनच्या पहिल्या शनिवारी ती इस्त्रीची साडी नेसून निघाली.

जिना चढताना तिनं वाक्य ठरवून ठेवलं होतं. दवाखान्यात बाकावर कुणीच नव्हतं. डॉक्टर खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते. तिला पाहताच ते लगबगीनं उठले आणि हात धुवायला निघाले.

“या या. या वेळी उशीर केलात. बसा खुर्चीत. चिठ्ठी?”

“चिठ्ठी आता मिळत नाही, डॉक्टर.”

“हो, हो. विसरलोच. तुमच्याच नव्हे, आणखी दोन कंपन्यांनी तेच केलं. नवी पॉलिसी.” त्यांनी रिकाम्या बाकाकडे हात केला. “बघताय ना. राहू दे चिठ्ठी. काय होतंय?”

“काही होत नाहीये. दात ठीक आहेत.” तिनं पर्स घट्ट धरली. “अकरा वर्षं ठीकच आहेत. मी... मी नुसती बोलायला आले.”

डॉक्टर हात पुसत उभे राहिले. बराच वेळ पुसत राहिले.

“मला ठाऊक होतं,” ते हळूच म्हणाले. “दात बघणारा माणूस आहे मी. बसा.”

ती खुर्चीत न बसता समोरच्या स्टुलावर बसली. त्यांनी खालून दोन चहा मागवले. चहा आला. पंखा फिरत होता. डॉक्टरांनी दोनदा घसा साफ केला, कबुतरांकडे पाहिलं.

“असं समोरासमोर बसून बोलायची मला सवय नाही हो,” ते ओशाळून म्हणाले. “हातात काम असलं की सुचतं.” मग जरा थांबून म्हणाले, “तुम्ही मूळच्या कुठल्या?”

अकरा वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी तिला उत्तर देता आलं नसतं.

“इथलीच. करोलबागेतली. वडील सरकारी छापखान्यात होते.” ती खिडकीकडे पाहून हसली. “त्या समोरच्या शाळेत मी अकरावीपर्यंत शिकले.”

“या? या शाळेत?” डॉक्टरांचा कप हातातच राहिला. “अहो, आणि मी तुम्हाला दर वेळी...”

“सांगायचात. छान वाटायचं ऐकायला.”

डॉक्टर मोठ्यानं हसले, मग कप खाली ठेवला. “बोला,” म्हणाले. “दिवाळीनंतर मी मुलीकडे बडोद्याला जातोय कायमचा. जागा देऊन टाकली. तेव्हा आता बोला तुम्ही. मी ऐकतो.”

बडोद्यापाशी थांबायचं नाही असं तिनं ठरवलं. ती बोलू लागली. शाळेतल्या बाईंचं, वडिलांच्या शाईच्या बोटांचं. आईला झटका आला आणि दोन वर्षं तिची वाचा गेली त्याचं. “दिवसभर बोर्डावर बोलून घरी यायचं, आणि घरी आई नुसती बघायची.” हे तिनं भावालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टर मान हलवत होते. मधे एकदाही बोलले नाहीत.

“आई गेली ना, तो फोन माझ्याच बोर्डावर आला,” ती म्हणाली. “शेजारीण होती. तिनं माझा आवाज ओळखला नाही. म्हणाली, शालिनीजी से बात कराइए, उनकी माँ... आणि मी...”

जिन्यावर पावलं वाजली. समोरच्या शाळेतला एक मास्तर गाल धरून आत आला, डोळ्यांत पाणी. डॉक्टर उठले, हात आपसूक नळाकडे गेले. “दोन मिनिटं हं, शालिनीताई.”

“तुम्ही बघा त्यांना,” ती म्हणाली.

दोन मिनिटांचं काम नव्हतं, हे तिला मास्तरांच्या गालावरूनच कळलं. मास्तरांना खुर्चीत बसवून डॉक्टरांनी पडदा ओढला आणि आतून त्यांचा आवाज येऊ लागला, सराईत, मोकळा. ती थोडी थांबली. मग दोन्ही कप तिनं बेसिनमध्ये विसळून पालथे ठेवले आणि जिना उतरली.

गुडगावच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खणून ठेवलं होतं. नवा हायवे व्हायचा होता. बस थांबत थांबत चालली होती.

“आणि मी म्हटलं, होल्ड कीजिए,” शालिनी म्हणाली.

शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. “जी? मुझसे कहा?”

“नहीं,” ती म्हणाली, आणि त्या बाईला नीट बसता यावं म्हणून तिनं आपली पर्स मांडीवर घेतली.