पाणचक्कीवरचं दळण

अंजनगावच्या पुढची निजामाच्या काळची पाणचक्की पुन्हा सुरू झाली होती. ती पाहायला जायचं ठरलं, तशी गोदाबाई ज्वारीचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसली.

सून जुईली म्हणाली, “आई, तिथं आता बगीचा केला. लोकं फोटो काढाले जातात.”

“चक्कीवर रिकाम्या हातानं जातात काय कोणी?”

बगीच्यात कारंजं होतं, झोपाळे होते. गोदाबाईने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तडक चक्की गाठली. पाण्याच्या जोरावर दगड फिरत होता आणि चक्कीवाला लोकांना दाखवण्यापुरते मूठभर गहू टाकत होता.

डबा पाहून तो म्हणाला, “मावशी, दळण घ्याचा हुकूम नाही.”

“घेऊ नये, असा हुकूम हाय काय?”

त्याने डोकं खाजवलं. “तसाबी नाही.” आणि ज्वारी ओतली.

पीठ पडू लागलं. जुईलीने सवयीने जपूनच बोट लावलं. गावातल्या चक्कीसारखं ते तापलेलं नव्हतं, गार होतं. मग तिने चांगली मूठ भरून घेतली.

निघताना गोदाबाईने चक्कीवाल्याला बजावलं, “पुढच्या रविवारी पहिला नंबर आमचा.”

मागे फोटो काढत उभ्या असलेल्या बाईने मोबाइल खाली केला. “दुसरा माझा.”